कापडाची गिटार घेऊन केमला

सोलापूरहून बार्शी, बार्शीहून टेंभुर्णी आणि तिथून केम. एवढाच प्रवास, तीन दिवसांचा. आमच्या गल्लीतली माणसं काशीला जाऊन आली, तिरुपतीला तर दरसाल जातात, त्यांनी कधी एक ओळ लिहिली नाही. मी लिहितोय, कारण त्या तीन दिवसांनंतर माझी मुलगी भारती आणि जावई श्रीनू बार्शी सोडून पुण्याला गेले. का गेले म्हणून गल्लीत चार जणांनी विचारलं आणि मी चौघांना चार तऱ्हेनं सांगितलं. आता एकदा खरं सांगावं म्हणतो.

माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर वाकडं आहे. पण पन्नास वर्षं मागावर चादरी विणल्या, आणि कापडावरनं नुसता हात फिरवून कुठं धागा गेलाय ते सांगतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. खरं तर बढाईच आहे, असू दे.

श्रीनू माझ्या बहिणीचा मुलगा. आमच्यात बहिणीच्या मुलाला मुलगी देतात. त्यामुळं तो मला आधीपासून मामा म्हणायचा आणि लग्नानंतरही मामाच म्हणतो. काम तो माझ्या हाताखाली शिकला. माझ्या मागावर एकच कायदा होता. चादर उतरली की उजेडाला धरायची, आणि दोष असेल तर गिऱ्हाइकाच्या तोंडून यायच्या आधी आपणच मोठ्यानं बोलायचा. ती चादर बाजूला, सेकंडच्या ढिगात. आणि मी दोष बोललो की हाताखालच्यानं मान हलवायची, दुसरं काही नाही.

पुढं माग बंद पडले तसा श्रीनू पुण्याला गेला. तिथं एका कारखान्यात काळ्या कापडाचे, दगडासारखे टणक भाग करायचं काम शिकला. दोन वर्षांमागं परत आला आणि बार्शीत शेड घेऊन त्याच कापडाच्या गिटारी करायला लागला. मला वाटलं डोकं फिरलंय. पण भारती सोलापूरपासून दीड-दोन तासांवर आली होती. सणाला यायची, सणाशिवाय पण यायची. म्हणून मी गप्प होतो.

वैशाखात तिचा फोन आला. घरात आम्ही तेलगू बोलतो, इथं मराठीत लिहितो; नायना म्हणजे वडील, तेवढं तसंच ठेवलं.

"नायना, ते ऑर्केस्ट्रावाले यासीनभाई गिटार बघायला तयार झालेत. परवा टेंभुर्णीत लग्नात वाजवणार, तेरवा केमला. त्यांनी घेतली की बाकीचे ऑर्केस्ट्रावाले पण घेतील. तुमी येता का?"

"मी येऊन काय करू? मला सा कळत न्हाई, रे कळत न्हाई."

"ह्यांना धीर येतो तुमी असला की. न्हाई जमलं तर पुण्याची जुनी नोकरी बोलावतीय. मग आमी जाणार." जरा थांबून म्हणाली, "फक्त तितं बोलू नका जास्त."

"मी कुटं जास्त बोलतो?"

पलीकडनं हसण्याचा आवाज आला.

बार्शी

एसटीत खिडकीला लोखंडी पट्टी होती, तिला हात लागला की चटका. बार्शीच्या अडत बाजारावरनं चालत गेलो. ज्वारीची पोती, तूर, हरभरा, सगळीकडं बारीक धूळ. आमच्या सोलापुरात पूर्व भागात हवेत सुताची तूस असते, इथं धान्याची. दोन्ही नाकात सारखीच जातात.

भारतीनं पुंटीकूर केली होती, म्हणजे अंबाडीची भाजी, आणि भाकरी. बार्शीत राहून तिची भाकरी मऊ झालीय. आम्हाला सोलापूरची कडक भाकरी लागते, महिनाभर टिकणारी. मी म्हणालो तसं. ती म्हणाली, "दात किती ऱ्हायलेत नायना? मऊ खावा." मी दोनाच्या जागी तीन खाल्ल्या.

जेवण झाल्यावर श्रीनूनं शेडमध्ये नेलं. पत्र्याची शेड, मधे गिटारच्या आकाराचे साचे. कोपऱ्यात काळ्या कापडाचा तागा उभा केलेला. मी सरळ तिकडं गेलो आणि हात लावला.

"हे कसलं सूत?"

"कार्बन, मामा. कोळशाचा धागा म्हना."

"कोळशाला कोन पिळ घालतंय?"

"पिळ न्हाई, नुसत्या तारा. बघा की, ताना-बाना तोच हाय."

मी चष्मा लावून बघितलं. खरंच, उभा ताणा, आडवा बाणा. दोन धागे वर, दोन खाली, दर ओळीला एक घर पुढं. त्यानं कापडावर तिरप्या रेघा दिसतात. अशी तिरपी वीण मी हजारो हात काढली असेल. मला लई बरं वाटलं. पोरगं पुण्याला गेलं, मागाला विसरलं असं मी समजत होतो, आणि ते फिरून कापडापाशीच आलं होतं.

त्यानं सगळं समजावलं. कापड साच्यात अंथरायचं, त्याला चिकट औषध चोळायचं. एक थर सरळ, त्यावर दुसरा आडवातिडवा, असे चार. मग वरनं प्लास्टिकची पिशवी घालून पंपानं हवा ओढून घ्यायची, म्हणजे थर एकमेकांत बसतात. मग पत्र्याच्या पेटीत गरम करायचं. बाहेर येतं ते लाकूडही नाही आणि लोखंडही नाही.

तयार गिटार त्यानं माझ्या मांडीवर दिली. काळी, तळ्यातल्या पाण्यासारखी चकचकीत. चादरीच्या गठ्ठ्यापेक्षा हलकी. मान एवढी बारीक की माझ्या मुठीत मावली.

"दाबून बघा तार."

मी दाबली. मी म्हटलं होतं बोट कापेल, पण तार मानेला इतकी जवळ होती की दाबायचं कळलंच नाही. छेडली. आवाज आला आणि शेडभर राहिला. पत्रा पण थोडा गुणगुणला.

"लाकडाची मान उन्हाळ्यात वाकते," श्रीनू म्हणाला. "मग तारा वर जातात, वाजवणाऱ्याची बोटं सोलतात. ही वाकत न्हाई. ऊन, पाऊस, कायपन."

शेडमध्ये एक ट्यूबलाइट होती. तिच्या उजेडात मी गिटार उलटीपालटी करून बघितली आणि मला काही दिसलं नाही. तिथं दिसलं असतं तर बरं झालं असतं.

टेंभुर्णी

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच निघालो. गिटार मी धरणार म्हणालो. श्रीनू म्हणाला, "मामा, द्या हिकडं." मी म्हणालो, "चाळीस किलोचे गठ्ठे उचलले मी, ही काय."

टेंभुर्णीला उतरताना मागनं कुणीतरी ढकललं. एका हातात दांडी, एका हातात गिटार, आणि गिटारची पिशवी निसटली. पायरीवर आपटली, तिथनं खाली खडीवर, आणि एक गडगडा घेतला. मी तिथंच खडीवर बसलो. लोकांना वाटलं म्हातारं पडलं, दोघं मला उचलायला आले. मी म्हणतोय, "मला नको, तिला बघा."

श्रीनूनं चेन उघडली, तारांवरनं अंगठा फिरवला आणि हसला.

"ऐका."

सूर जसाच्या तसा होता. कडेला नखभर ओरखडा, बस.

"लाकडाची असती तर?"

"तर आता काड्या गोळा केल्या असत्या की." आणि मग म्हणाला, "मामा, आता मी धरू का?" मी पिशवी दिली.

टेंभुर्णी म्हणजे हमरस्त्यावरचं गाव. सगळीकडनं गाड्या येतात, थांबतात, जातात. ज्याला त्याला घाई. चहाच्या हॉटेलात पोऱ्यानं न विचारता पुढ्यात शेंगदाण्याची उसळ आणली. आमच्याकडं मागितल्याशिवाय कुणी आणत नाही. खाल्ली, चांगली होती.

लग्नाच्या मांडवामागं यासीनभाई भेटले. ते सोलापूरचेच, मोदीखान्याजवळचे. पन्नाशीचे, केसांना मेंदी, बोटांच्या टोकांना घट्टे. हाताकडं बघूनच मला माणूस पटला. त्यांची लाकडी गिटार त्यांनी दाखवली. तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. ती घोडी पोटापासून उचलली होती, खाली नख जाईल एवढी फट. पोटाला चीर, तिच्यावर चिकटपट्टी.

"चच्चा, ये तीसरी है," ते मला म्हणाले. "टेम्पो में घूमना, धूप में खड़े रहना. लकड़ी बेचारी कित्ता सहेगी?"

काळी गिटार घेऊन त्यांनी आधी मानेवरनं एक डोळा मिटून बघितलं, जसं आम्ही माग सरळ बसलाय का बघतो. मग मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे पडद्यांवर, वरपासून खालपर्यंत एकेक सूर दाबत गेले. कुठं भुणभुण होतीय का ते ऐकत होते. कुठं झाली नाही. मग मांडवात तीन तास वाजवली. सारखी घामाच्या हातानं. एकदा नवऱ्याच्या करवल्यांपैकी कुणीतरी सरबत सांडलं, त्यांनी उपरण्यानं पुसलं आणि पुढचं गाणं चालू.

कार्यक्रम झाल्यावर श्रीनू त्यांच्यासमोर उभा राहिला. विचारलं नाही, नुसता उभा.

"आवाज जरा पतला है," यासीनभाई म्हणाले. "लकड़ी में जो गर्मी रहती ना, वो कम है. मगर हाथ को मक्खन. कल केम में बजाता, फिर बोलता."

"त्यो पातळ म्हनतोय," मी श्रीनूला बाजूला घेऊन म्हणालो.

"खरंच पातळ हाय मामा. पुढच्या गिटारला पोटाचा थर कमी करनार हाय, मग भरेल. त्यांनी खरं सांगितलं म्हनजे घेनार."

हे त्याचं बरोबर होतं. घेणारा माणूसच दोष नीट सांगतो. मला हे कळायला पाहिजे होतं, आणि मीच ते त्याला कधीकाळी शिकवलेलं.

केम

तिसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्राच्या टेम्पोतनं आम्ही केमला गेलो. केम म्हटलं की कुंकू. गावात शिरलो तसं एका घराच्या ओट्यावर सुपात कुंकू वाळत घातलेलं, उंबरा लाल, बाईचे हात कोपरापर्यंत लाल. आमच्याकडं रंगाऱ्यांचे हात असेच असतात, पण दर दिवशी वेगळ्या रंगाचे. या बाईचा एकच रंग, आयुष्यभर. मी तिला विचारलं, "निघतो का हात धुतल्यावर?" ती म्हणाली, "कशाला निघाय पायजे?"

कार्यक्रम चार वाजता, शाळेच्या मैदानात. तोवर टेम्पो उन्हात उभा होता, दार बंद करून, सामान आत. दोन वाजता यासीनभाईंना आठवलं की काळी गिटार पण आतच राहिली. दार उघडलं तर आतनं भट्टीसारखी झळ आली. त्यांची लाकडी गिटार बाहेर काढली, घोडी आणखी उचललेली, तारा इतक्या वर की दाबता येईनात. काळी काढली. त्यांनी सूर लावायला खुंटी धरली आणि सोडून दिली. लावायची गरजच नव्हती.

त्यांनी आपल्या ढोलकीवाल्याकडं बघितलं. ढोलकीवाल्यानं भुवई उडवली. श्रीनूनं तोंड दुसरीकडं केलं, पण कान लाल झालेले मला दिसले. मी मनात म्हटलं, झालं. भारती बार्शीतच राहणार.

कार्यक्रम छान झाला. शेवटचं गाणं संपल्यावर स्टेजमागं खुर्च्या टाकून सगळे बसले, चहा आला. ऊन कलतं झालेलं. यासीनभाईंनी गिटार माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चच्चा, दामाद का काम देखो. बोलो, क्या बोलना है?"

ते कौतुकानं म्हणाले. म्हाताऱ्याला मान द्यावा म्हणून म्हणाले. मी काय करायला पाहिजे होतं? "छान हाय" म्हणायला पाहिजे होतं. पण पन्नास वर्षांची सवय. हातात कापड आलं की मी ते उजेडाला धरतो.

कलतं ऊन गिटारच्या अंगावर तिरकं पडलं आणि मला दिसलं. कमरेच्या बाकाशी, जिथं अंग आत जातं, तिथं तिरप्या रेघा सरळ न जाता वाकल्या होत्या. चार बोटं भागात ताणा ओढला गेलेला, आणि एका ठिकाणी एक धागा बाहेरच्या अंगाला सरकलेला.

"हितं तिरप गेलीय," मी मोठ्यानं म्हणालो. "आनि हा धागा सुटलाय. बघा, हितं. हा माल सेकंडचा हाय."

चहा पिणारे सगळे वाकून बघायला लागले. यासीनभाईंनी बोट ठेवलं.

"ये? ये खराबी है?"

"खराबीच की. माझ्या मागावर अशी चादर आली असती तर मी बाजूला टाकली असती. श्रीनू, बघ हे."

श्रीनू जवळ आला. बघितलं. त्यानं मान हलवली. "व्हय मामा," म्हणाला. "गेलीय."

आणि मला, खरं सांगतो, तेव्हा अभिमान वाटला. अजून माझी नजर चुकत नाही म्हणून. सगळ्यांसमोर, माझ्या डोळ्यांचा. त्या क्षणाला मला बार्शी आठवली नाही, भारती आठवली नाही.

यासीनभाईंनी गिटार पिशवीत घातली, चेन हळू लावली आणि श्रीनूच्या हातात दिली.

"तुमारे मामा घर के बड़े. वो खोट बोलें तो हम क्या बोलना. दूसरी बनाओ, फिर देखते."

ढोलकीवाला चहाचा कप उपडा करत म्हणाला, "चादर असती तर पांघरली तरी असती."

सगळे हसले. श्रीनू पण हसला.

परत

केम स्टेशनवर मी सोलापूरच्या गाडीची वाट बघत बसलो. श्रीनूला कुर्डुवाडीत उतरून बार्शीकडं जायचं होतं. फलाटावर तो माझ्यासाठी भजी घेऊन आला, पाणी आणलं, गाडीत खिडकीची जागा धरून दिली. गिटारबद्दल एक शब्द नाही. मी विचारलं, "दुसरी करायला किती दिवस लागतील?" तो म्हणाला, "बघू मामा." कुर्डुवाडीला उतरताना पाया पडला.

भारतीचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी.

"नायना, काय बोलला तुमी तितं?"

"जे होतं ते बोललो. तिरप गेली होती."

"ते वरचं कापड हाय. नुसतं दिसायचं. साच्याच्या बाकात ओढलं की थोडं सरकतंच. खाली अजून तीन थर हायत, जोर त्यांच्यावर असतो. आवाजाला काय फरक न्हाई, ताकदीला काय फरक न्हाई. बसमधनं पाडली तुमी तिला, काय झालं तिला?"

"मग मला सांगितलं का न्हाई कुनी?"

"तुमी विचारलं कुटं?"

तिनं फोन ठेवला. माझं बोलणं तोडून तिनं फोन ठेवायची ही पहिली वेळ.

मी हट्टी आहे, हे लपवत नाही. दोन आठवडे मी स्वतःला सांगत राहिलो की दोष तो दोष. मग एका दुपारी पायात चपला घातल्या आणि यासीनभाईंच्या घरी गेलो. ते ओसरीवर नवी लाकडी गिटार घेऊन बसले होते, घोडी लावत होते. बघितल्यावरच कळलं की मला उशीर झाला. तरी बोललो. ते वरचं कापड होतं, माझं ज्ञान चादरीचं, गिटारचं नाही, माझी चूक झाली, असं सगळं. एवढी माफी मी आयुष्यात कुणाची मागितली नव्हती.

त्यांनी गिटार बाजूला ठेवली. पाणी दिलं.

"चच्चा, मैं लेनेवालाच था," ते म्हणाले. "तुम बोले तो मेरेकू क्या समझता चादर का. मैं तुमारे दामाद का मुँह देखा. कारीगर वो है. एक लफ्ज़ बोलता ना, कि मामा, ये सिरफ ऊपर का कपड़ा है, तो मैं उसी वक्त ले लेता. वो मुंडी हिला दिया. तो मैं समझा, सच्ची खोट है."

मी उठलो. त्यांनी चहासाठी थांबा म्हटलं, थांबलो नाही.

भारती आणि श्रीनू तोवर पुण्याला गेले होते. शेड दुसऱ्या कुणीतरी घेतली, तिथं आता खताची पोती ठेवतात असं ऐकलं. ती गिटार पुण्यात त्यांच्या खोलीत आहे. भारती म्हणते, श्रीनू कधीतरी सुट्टीला वाजवतो. त्याला नीट वाजवता येत नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी श्रीनूला फोन लावला. कारखान्यातनं नुकताच आला होता, मागं भारतीच्या भांड्यांचा आवाज येत होता. जेवलास का, पाणी येतं का, अशा चार गोष्टी विचारल्या. मग म्हणालो, "श्रीनू, केमला माझं चुकलं. त्यो दोष नव्हता. तू तवाच बोलायला पायजे होतंस."

पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला.

"न्हाई मामा," तो म्हणाला. "तुमचं बरोबर होतं. तिरप गेलीच होती."